भाऊजी, गॅस बंद करू का?

माझ्या नावापुढे आज बी.ए., बी.एड. लागतं आणि मी वर्गात शिरलो की पोरं उभी राहतात. हे ज्यांच्यामुळे झालं त्यांचं नाव गोविंदा लांजेवार. नात्याने माझे सख्खे मामा. शिक्षण चौथी. काम कारखान्याच्या कँटीनमध्ये चहा वाटण्याचं. आणि खोड अशी, की हा माणूस कुत्र्यालाही विचारल्याशिवाय ओलांडत नाही.

भिलाईला सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या पायरीवर एक तांबडी कुत्री झोपायची. मामाजी सायकल लावून तिच्यासमोर उभे राहत. "सरकतं का बाई?" कुत्री एक डोळा उघडून पुन्हा मिटायची. "नाही? बरं." आणि मामाजी पिशवी सांभाळत क्वार्टरांची सगळी रांग फिरून मागच्या दाराने घरात.

शेजारच्या साहू काकीच्या अंगणात कढीपत्त्याचं झाड होतं. चार पानं हवी असली की मामाजी आधी काकीला विचारत, मग झाडाला. काकी अस्सल छत्तीसगढी. ती ओट्यावरून ओरडायची, "कस गा गोविंद, पेड़ ह का कहिस?" मामाजी गंभीरपणे सांगायचे, "हव कहिस." झाड नाही म्हणालं असतं, तर त्या दिवशी आमची कढी बिनफोडणीची झाली असती याबद्दल मला शंका नाही.

"विचारून घेतलेलं बरं असते," हे त्यांचं पालुपद. बसमध्ये रिकाम्या जागेशेजारचा माणूस झोपलेला असला तर त्याला उठवून विचारणं बरं नाही आणि न विचारता बसणंही बरं नाही, म्हणून ते दुर्गपर्यंत उभे. फक्त एका ठिकाणी त्यांची गाडी अडायची. न्हाव्याने विचारलं, "कैसे काटूँ मामा?" की मामाजी गोंधळायचे. आरशात इकडे तिकडे बघत म्हणायचे, "आपको जैसा ठीक लगे." न्हावी वैतागायचा. "अरे, मुंडी आपकी है!" मामाजी ओशाळून हसायचे. आम्हीही हसायचो. त्यात हसण्यापलीकडे काही असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

लोक त्यांना भित्रा समजत. लोकांना कँटीनची गोष्ट माहीत नव्हती. तिथे ठेकेदाराचा मुंशी सगळ्यांना "अबे ए" म्हणून हाक मारायचा. मामाजी अशा हाकेला थांबत, हात पुसत आणि नम्रपणे विचारत, "मुंशीजी, मेरे को बुलाए क्या? मेरा नाम गोविंदा है. ये सुखराम है. वो अप्पाराव." मुंशी चिडला, पगार कापायची धमकी झाली. मामाजी दर हाकेला थांबले, दर वेळी तितक्याच गोडीने सगळ्यांची नावं सांगत राहिले. चहा थंड होऊ लागला. शेवटी मुंशीला सगळ्या कँटीनची नावं पाठ झाली, आणि पाठ झालेलं वाया कशाला घालवायचं म्हणून तो नावाने हाक मारू लागला.

आमच्या घरात मात्र मुंशीपेक्षा मोठी असामी होती. माझे बाबा.

बाबा तुमसरकडच्या शेतकरी घरातले, आठवी शिकून कारखान्यात लागले. कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळसाभट्ट्यांच्या, धडधडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता की मीठ मागितलं तरी भांडण सुरू झाल्यासारखं वाटे. माणूस कष्टाळू, कुटुंबासाठी जीव टाकणारा. पण घरात कोणाला काय हवं हे त्यांना आधीच माहीत असायचं. आईची साडी, माझे केस, शुभीची, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची चप्पल, सगळं तेच ठरवायचे. मामाजी तर बोलूनचालून बहिणीच्या घरी राहणारे. व्हरांड्याला पत्रे लावून केलेल्या खोलीत त्यांची खाट.

मी बारावी पास झालो आणि कॉलेजात जातो म्हणालो. आमच्या दोन्ही घराण्यांत कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा म्हणाले, "डिगरीवाले पोट्टे चौकात पानठेल्यावर उभे हायेत, दिसत नाही का तुले? रसमड्याच्या फॅक्टरीत बोलून ठेवलं हाय. सोमवारी जायचं." माझी गुणपत्रिका त्यांनी लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप घातलं आणि चावी जानव्याला बांधावी तशी करगोट्याला बांधली. अॅडमिशनची मुदत महिनाअखेरीस संपत होती.

मी व्हरांड्यात येऊन हातोडी शोधू लागलो. मामाजी खाटेवर बसून बटण लावत होते.

"हातोडी कायले?"

"कुलूप तोडतो."

"तोड," मामाजी म्हणाले. "कागद भेटन तुले. पण बाप नाही भेटन मंग."

"मंग काय करू? रसमड्याले जाऊ?"

"जायचं नसन तं नोको जाऊ. पण लपून नाही, पळून नाही. समोर उभं राहून सांग. अन् हात नाही उचलायचा, आवाज बी नाही."

सोमवारी सकाळी आंघोळ करून मी बाबांसमोर उभा राहिलो. "बाबा, मी फॅक्टरीत जाणार नाही. तुमी रागवा, पण मी जाणार नाही."

बाबांचा हात वर गेला. मामाजी चहाचा कप घेऊन मधे आले. "भाऊजी, मारायच्या आधी त्याले विचारलं का?"

"अबे, मारायले कोण विचारते?"

"म्हणूनच तं."

हात तसाच वर राहिला. मग बाबांनी तो खाली आणला आणि सगळा राग आवाजात घातला. "ऐका सगळे! या घरात मले विचारल्याशिवाय इकडची काडी तिकडे होणार नाही!"

"बरं भाऊजी," मामाजी म्हणाले. इतक्या आनंदाने, की मला त्यांचा संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले. आईने दूध तापायला ठेवलं होतं. ती ओट्याशी हाताची घडी घालून उभी. मामाजी न्हाणीच्या दाराशी.

"भाऊजी, दूध वर येऊन राहिलं."

आतून पाण्याचा आवाज. "मंग?"

"गॅस बंद करू का?"

"काय?"

"गॅस, भाऊजी. बंद करू का? तुमाले विचारल्याशिवाय..."

"अबे कर न लवकर!"

तोवर दूध शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून जमिनीवर. बाबा कानात साबण तसाच ठेवून बाहेर आले. आई शांतपणे म्हणाली, "तुमी आत होते. पुसू का?"

मग घर नुसतं प्रश्नांनी भरून गेलं. वरणात हळद टाकू का? दारात पोस्टमन आला, दार उघडू का? शुभी पाटी घेऊन यायची, "बाबा, शून्यातून शून्य गेलं तर शून्यच लिहू का?" बाबा जेवायला बसले की मामाजी ताटासमोर हात जोडून, "भाऊजी, पहिला घास घेऊ?" कुठे टोमणा नाही, रुसवा नाही, उद्धटपणा नाही. एखाद्या आज्ञाधारक घरावर रागावायचं तरी कसं? बाबा फक्त म्हणायचे, "हो. हो! हो म्हटलं न!" आणि घास त्यांच्याच घशात अडकायचा.

हे साहू काकीच्या घरावरून कारखान्यात पोचलं. बाबांच्या पाळीतले लोक त्यांच्यासमोर उभे राहू लागले. "हटवारजी, पानी पी लूँ क्या? हटवारजी, छींक आ रही है, अनुमति है?" सगळा विभाग हसत होता.

मला आनंद झाला. मी मामाजींना म्हणालो, "आता जिंकलो आपण."

मामाजींचा चेहरा उतरला. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते तडक सायकल काढून पाळी सुटायच्या वेळी गेटवर गेले. मला मागे बसवलं. बाबांचे सोबती बाहेर आले तसे त्यांना चहाच्या टपरीवर नेलं, स्वतःच्या हाताने एकेकाला चहा दिला आणि हात जोडले. "भाई लोग, एक बिनती है. उनके ऊपर मत हँसिए. ये हमारे घर का मामला है. वो गलत हैं, लेकिन छोटे आदमी नहीं हैं. आप लोग हँसोगे तो मैं हार जाऊँगा."

एक जण म्हणाला, "गोविंदा, तू किसकी तरफ है रे?"

"घर की," मामाजी म्हणाले.

टपरीच्या मागे सायकलींच्या गर्दीत बाबा उभे होते. ते मला दिसले. मामाजींना दिसले नाहीत.

त्या संध्याकाळी बाबा कपडे न बदलता व्हरांड्यात आले आणि मामाजींच्या खाटेवर बसले. त्या खाटेवर ते पूर्वी कधी बसल्याचं मला आठवत नाही. बराच वेळ ते नुसते करगोट्याशी चाळा करत राहिले.

"गोविंदा, तू दुनियाभरचं विचारलं मले. दूध विचारलं, हळद विचारली. पण ज्याच्यासाठी हे सारं करून राहिला, ते काऊन नाही विचारत? चावी काऊन नाही मागत?"

"ते मी कसं विचारू भाऊजी?" मामाजी खाली, जमिनीवर बसले होते. "ते माझं नाही. तुमचं बी नाही. पोराचं हाय ते. त्यालेच विचारा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. एखादं जड यंत्र पहिल्यांदा चालवायला घेतल्यासारखं ते हळू, सांभाळून बोलले.

"काय... काय शिकायचं हाय तुले?"

उत्तर हवं म्हणून बाबांनी मला विचारलेला माझ्या अठरा वर्षांतला तो पहिला प्रश्न. त्याआधी त्यांचे प्रश्नही उद्गारचिन्हावर संपत. मी म्हणालो, "मले मास्तर व्हायचं हाय." आणि रडू लागलो. बाबांनी चावी सोडून मामाजींच्या हातात दिली.

"भाऊजी, कपाट मी उघडू?"

"अबे उघड!" बाबा गरजले. आणि मग, ज्या दिवसांत घरात कोणी हसलं नव्हतं ते सगळे दिवस भरून काढल्यासारखे आम्ही हसलो. बाबाही.

आमच्या घरात त्या दिवसापासून जी शांतता आली, ती कोणाला गप्प बसवून आलेली नव्हती. उलट घर पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागलं. बाबा विचारायला शिकले. अवघडत, खेकसतच, पण शिकले. "भाजी कोणती आणू?" असं ते आईला दरडावून विचारायचे. शुभीच्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी तिला इतकं विचारलं की ती म्हणाली, "बाबा, पुरे!" मी पदवीचा कागद घेऊन आलो तेव्हा तो बाबांनी आधी मामाजींच्या हातात ठेवला. मामाजींनी हात पुन्हापुन्हा पुसले आणि मला विचारलं, "पाहू का?"

आता मी अंबिकापूरजवळच्या शाळेत शिकवतो. बाबा निवृत्त झाले. दिवाळीनंतर क्वार्टर रिकामं करून आईबाबा तुमसरजवळ गावी राहायला जाणार आहेत. मागच्या महिन्यात सामान बांधायला म्हणून मी भिलाईला गेलो, तर मामाजींची पत्र्याची पेटी सगळ्यांच्या आधी दोरीने बांधून तयार. कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात, बहीण जाईल तिकडे भाऊ.

संध्याकाळी ते साहू काकीच्या अंगणात दिसले. हातात पिशवी नव्हती. कढीपत्त्याच्या झाडाला हात लावून उभे होते.

"जाऊ न मंग?" ते झाडाला म्हणाले आणि थांबले. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

मी घरात आलो. आई भांडी पोत्यात भरत होती. मी पाहिलेलं तिला सांगितलं. तिचे हात थांबले. "आमचे मायबाप गेले तवा हा एवढासा होता. मी हात धरला अन् इकडे घेऊन आली. येतं का, असं मी बी नाही विचारलं त्याले. त्याच्यानंतर कोणीच नाही विचारलं. शाळा सुटली तवा नाही, कँटीनात लावला तवा नाही. लग्नाचं निघालं अन् मोडलं, तवा बी नाही."

तेव्हा मला न्हाव्याच्या खुर्चीतले मामाजी आठवले. आरशात इकडे तिकडे बघणारे. ज्याला कधी कोणी विचारलंच नाही, त्याला उत्तर द्यायची सवय कुठून असणार?

मी व्हरांड्यात जाऊन विचारलं, "मामाजी, तुमाले गावाले जायचं हाय का?" ते ओशाळून हसले. "तुमाले वाटन तसं."

बाबा दारातून ऐकत होते. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी विचारलं तं तो होच म्हणन. माझ्या घरी राहिला न तो. तू लिहून विचार. कागदाले तोंड नसते, त्याले वेळ भेटन." आवाज बराच खाली आणला होता. तरी रांगेतल्या दोनतीन क्वार्टरांना ऐकू गेला असेल.

म्हणून अंबिकापूरला परतल्यावर मी हे पत्र पाठवलं.

"प्रिय मामाजींना साष्टांग नमस्कार.

घरच्या बोलीत लिहून राहिलो. शाळेतल्या भाषेत हे जमत नाही.

मले एकच विचारायचं हाय. तुमाले कुठं राहायचं हाय?

गावाले आईजवळ राहायचं असन तं पेटी बांधलेलीच हाय. माझ्याजवळ यायचं असन तं इथं खोली हाय, पायरीवर झोपणारे कुत्रे बी लई हायेत. अन् भिलाईतच राहायचं असन तं साहू काकीची मागची खोली रिकामी हाय. मी काकीले विचारलं. ती म्हणाली, पहिली ओला पूछ, म्हणजे आधी त्याले विचार. याच्यातलं काहीच नसन, चौथंच काही असन, तं ते सांगा. जे म्हणान त्याले आमी सारे हो म्हणू. बाबा बी. त्यांनी तसं मोठ्यानं सांगितलं हाय.

फक्त 'तुमाले वाटन तसं' असं लिहू नका. ते न्हाव्याले चालते, मले नाही चालत. मुंडी तुमची हाय.

घाई नाही. तुमाले कोणी विचारलं नाही कधी, तं उत्तर सापडाले वेळ लागन. शोधा आरामात. नाही सापडलं तं तसं सांगा, आपण दोघं मिळून शोधू.

उत्तर ऐकायले मी दसऱ्याच्या सुटीत येतो म्हणतो.

येऊ का?

तुमचा,
दिनेश मास्तर"