बिस्किटची ऊब

"तीस वर्षं थंडी विकली मी. ऊब म्हणजे थंडीचीच पाठ. मला शिकवू नकोस," असं डेस मॅकार्डलने पोरीला फोनवर ठणकावून सांगितलं आणि तिथेच माती खाल्ली.

डेस ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटमधला फ्रिजचा मेकॅनिक. गावातल्या निम्म्या खाटकांचं मटण आणि निम्म्या पबांची बिअर त्याने गार ठेवलेली. आता निवृत्त. बायको जाऊन चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत मुलगी ब्रायनी मेलबर्नहून तीनदा घरी आली, तीही नाताळला, तीही घड्याळाकडे बघत. दोघांत भांडण नव्हतं. भांडण परवडलं असतं. भांडायला तरी माणसं फोन करतात.

मग ब्रायनीच्या खोलीत घरमालकाला अजगराचं पिल्लू दिसलं. पेन्सिलीएवढं जाड, हातभर लांब, परवाना काढून रीतसर पाळलेलं. पण घरमालक ही जातच अशी, की भिंतीतली ओल तिला वर्षानुवर्षं दिसत नाही आणि कोपऱ्यातला गरीब जीव पहिल्या फटक्यात दिसतो. नवी खोली मिळेपर्यंत ते पिल्लू, म्हणजे बिस्किट, एका मैत्रिणीच्या गाडीतून डेसकडे आलं. ब्रायनी आली नाही. तिचा फोन मात्र रोज सहाला येऊ लागला.

"बिस्किट कसंय?"

"मजेत."

"गरम कोपऱ्यात किती अंश आहे?"

"एकतीस."

"बरं. ठेवते."

डेस कसा आहे, हे विचारायची रीत नव्हती. तरी तो पावणेसहालाच दाढी करून फोनसमोर बसायचा.

एकतीस ही शुद्ध थाप होती. ब्रायनीने पिल्लासोबत पाठवलेला थर्मोस्टॅट डेसने 'खेळणं' म्हणून खणात टाकला होता. कोल्ड्रिंकचा एक जुना, काचेच्या दाराचा फ्रिज घेऊन त्याची त्याने पेटी केली, तळाला तापणारी तार अंथरली आणि खाटकाच्या शीतगृहातला आपला लाडका थर्मोस्टॅट जोडला. हात सवयीने चालले. शीतगृहात गरम झालं की थर्मोस्टॅट यंत्र सुरू करतो, गार झालं की बंद. मटणासाठी ते बरोबर. इथे यंत्र म्हणजे तापणारी तार. पिल्लू गारठलं की तारही गार. डेसने दोनदा तार बदलली आणि तार बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. स्वतःच्या जोडणीवर त्याने संशय घेतला नाही. कारागिराला जग चुकीचं वाटतं, हात नाही.

शेजारची ग्लेनिस सूप घेऊन आली. काचेला नाक लावून म्हणाली, "साप पाळलायस की कुल्फी?"

"तार खराब आहे."

"मग गरम पाण्याची पिशवी तरी ठेव, मेल्या. आकसलंय बिचारं."

पिशवी ठेवली. पेटी तापली. थर्मोस्टॅटला वाटलं, मटण नासतंय. त्याने इमानदारीने तार सुरू केली. तारेने पेटी आणखी तापली, मग तर तो बंद होईचना. अर्ध्या तासाने डेस पाव घेऊन परतला, तेव्हा काचेला हात लागत नव्हता. थर्मामीटर पंचेचाळीसवर. आणि पेटी रिकामी. वायरीसाठी पाडलेलं भोक त्याने ऐसपैस बोटभर पाडलं होतं.

ग्लेनिस खुर्चीवर चढून हुकूम सोडू लागली. "बुटांत बघ. दुसऱ्या बुटात बघ. माझ्याकडे काय बघतोस?" तीन तासांनी बिस्किट सापडलं. स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या मागे, कंप्रेसरला वेटोळं घालून, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं निवांत. डेसने तिथे थर्मामीटर धरला. एकतीस.

सहाला फोन वाजला. थाप तयार होती. पण डेसला आज ती जिभेवर चढेना. त्याने सगळं सांगितलं. थर्मोस्टॅटचंही.

ब्रायनीने सगळं ऐकून घेतलं. मग, "ओढू नकोस. बरगड्या मोडतील. शनिवारी येते मी."

फोन बंद झाला तरी डेसने तो कानाचा काढला नाही.

एक अडचण होती. फ्रिज आतून गार झाला की कंप्रेसर थांबतो आणि मागची ऊब जाते. डेसने दाराच्या रबरात पुठ्ठ्याची घडी अडकवली. दार फटीएवढं उघडं राहिलं, कंप्रेसर अखंड घरघरू लागला. बाहेर जुलैची, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याची थंडी, आत उघडा फ्रिज. डेस दोन स्वेटर घालून त्याच्यासमोर शनिवारची वाट बघत बसला.

ब्रायनी आली. बिस्किट हललं नाही. "भूक लागली की येईल," असं म्हणून ती फ्रिजला टेकून फरशीवर बसली. रविवारची परतीची गाडी गेली. तिने कामावर फोन करून रजा टाकली.

"आई इथेच बसायची ना," ती म्हणाली. "पाय शेकत."

"हो." डेस पुठ्ठ्याकडे बघत होता. "आणि मी म्हणायचो, ऊठ, हवा अडते."

"अडायची?"

"छे. कसली अडतेय."

सोमवारी सकाळी ब्रायनी पाठमोरी टोस्ट भाजत होती. फ्रिजखालून बिस्किट बाहेर आलं. जीभ काढून त्याने डेसच्या सपातेचा वास घेतला. डेसने एकदा पोरीच्या पाठीकडे पाहिलं. मग सपातेच्या टोकाने, अगदी हळूच, त्याला परत आत सारलं.

"डॅड," ब्रायनी मागे न बघता म्हणाली, "चकचकीत किटलीत दिसतं मला सगळं."

डेसचे कान लाल झाले. "भुकेलेलं वाटलं नाही मला," तो पुटपुटला.

"काल तू अंघोळीला गेला होतास, तेव्हाही आलं होतं." तिने टोस्टला लोणी लावलं. "मीच आत ढकललं."

ब्रायनीने फ्रिज उघडून दुधाचा वास घेतला, दार लोटलं आणि पुठ्ठ्याची घडी होती तिथेच परत खोचली.

"चहा काळाच प्यावा लागेल," ती म्हणाली. "दूध नासलंय."