स्वेटर उलटा करून बघणारे म्हादूभाऊ

दुसऱ्या माणसावर लिहावं असं माझं वय नाही आणि तसा अधिकारही नाही. आमच्या भाजे गावातल्या घरात सहीच्या पुढे कुणाचं अक्षर गेलेलं नाही. कॉलेजात गेलेला मीच पहिला. तेव्हा लिहिणं कच्चं वाटलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. पण म्हादूभाऊंवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि त्यांचा तो स्वेटर माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हादूभाऊ मळवलीजवळच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. स्वेटर घातलेला माणूस दिसला की नमस्काराच्या आधी ते त्याच्या स्वेटरची खालची कड धरत, वर उलटवत आणि आतली बाजू बघत. ओळख असो वा नसो. एकदा लेणी बघायला निघालेले एक साहेब फाटक उघडायची वाट बघत मोटारीबाहेर उभे होते. भाऊंनी सरळ त्यांच्या पोटापाशी हात घातला.

"अहो, हे काय चाललंय?" साहेब दचकले.

"आतून बघतो," भाऊ म्हणाले. मग चेहरा वाकडा करून, "धागं लय लांब सोडल्यात. बाई घाईची दिसती."

स्वेटर साहेबांच्या पत्नीने विणलेला होता आणि त्या मोटारीतच बसल्या होत्या. त्या दिवशी गाडी निघून गेल्यावर फाटक फार चटकन उघडलं.

"भायेरनं काय, कुनीबी नटतं. आतून बघावं," हे त्यांचं पालुपद. त्याला कारणही होतं. दोन रंगांत विणताना जो रंग पुढे नसतो त्याचा धागा मागून न्यावा लागतो. तो मधेमधे गुंतवला नाही, तर आत लोंबता राहतो. "मंग हात घालताना बोटं अडकत्यात," भाऊ सांगत. "बारक्या पोराची तर लयच."

पुरुषासारखा पुरुष विणतो कसा, असं आमच्या गावात सगळे विचारत. भाऊ तरुणपणी लोणावळ्याला एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या म्हाताऱ्या मालकीणबाईंची बोटं आखडली, तेव्हा त्यांनी अर्धं राहिलेलं विणकाम या माळ्याला शिकवून त्याच्याकडून पुरं करून घेतलं. बाई गेल्या, विद्या राहिली. सुया नव्हत्या, म्हणून भाऊंनी मोडक्या छत्रीच्या काड्या घासून घेतल्या. लोणावळ्याच्या पावसात मोडक्या छत्र्यांना काय तोटा! लोकर बंगल्यांतल्या जुन्या स्वेटरांची. ते उसवायचे, लडी करून धुवायची आणि वळ्या निघाव्यात म्हणून खाली रुळाखालच्या खडीतला दगड बांधून वाळत टाकायची. फाटकाच्या कुंपणावर लाल, हिरव्या, निळ्या लडी लोंबत असायच्या. नवीन ड्रायव्हर त्यातली लाल बघून गाडीचा वेग कमी करी, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही.

नक्षी मात्र कुणाची उसनी नाही. ती ते सुपात मांडत. तांदळाचा दाणा म्हणजे पांढरा टाका, उडदाचा म्हणजे काळा. असे दाणे ओळीने लावून त्यांनी छातीवर लोहगड-विसापूरची रांग बसवली होती, खाली रूळ आणि रुळावर गाडी. गावातल्या बायका डोकावल्या की ते सूप अंगाआड घेत. एकीने फारच मान लांब केली, तेव्हा त्यांनी सगळी नक्षी कोंबड्यांना टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून मांडली. "आपलं डोकं आपल्यापाशी," म्हणाले.

कोंबड्यांना तेव्हापासून सुपाची चटक लागली. एकदा भाऊ झेंडी दाखवायला बाहेर गेले, तेवढ्यात एक कोंबडी इंजिनाचं धुराडं खाऊन गेली. भाऊंनी आत येऊन जसं दिसलं तसं विणलं. मी म्हटलं, "भाऊ, इंजिनाला धुराडंच नाही."

"कालीजात जातोस ना?" ते म्हणाले. "ही इजेवरची गाडी हाय. इजंच्या गाडीला कुटं धुराडं असतं?"

या स्वेटरची गंमत अशी की तो कधी संपत नसे. दिवाळीपर्यंत पुरा होई, थंडीभर खुंटीला लटके, आणि चैत्रात एकवीरेच्या जत्रेहून परत आले की भाऊ तो सगळा उसवत आणि पुन्हा विणायला घेत. गेल्या सालापेक्षा थोडा मोठा. गाव म्हणे, "देवी काय सांगती काय ह्येला?" आमचे वडील म्हणत, "त्या येड्याच्या नादी लागू नगंस."

मी लागलो. कारण साधं होतं. पहाटेच्या गाडीने मी पुण्याला जात असे आणि माझ्या अंगात एक सुती सदरा असे. माझ्या बाकावर बसणाऱ्या मुलाला त्याच्या मावशीने विणलेला निळा स्वेटर होता. मास्तर शिकवत असताना तो बाह्या पुढे ओढून आत पंजे लपवी. त्या बाह्यांकडे बघता बघता माझा अख्खा तास जाई. मला तसा स्वेटर हवा होता. खरं सांगायचं तर तसा नव्हे, त्याहून चांगला.

आणि एका सकाळी भाऊंनी मला फाटकापाशी थांबवलं. "हात पसर."

मी पसरले. त्यांनी सुतळीने माझी छाती मोजली, पाठ मोजली, बाही मोजली. "हलू नगंस. हल्लास तर बाही गुडघ्यापत्तुर जाईल." त्या दिवशी कॉलेजात मी बाकावरच्या मुलाला म्हटलं, "माझाही होतोय. नक्षीचा आहे. डोंगर आहेत त्याच्यावर." तो बघतच राहिला. इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता.

पुढे ते मधूनमधून अर्धा झालेला स्वेटर माझ्या अंगावर चढवून बघत. मी उबेत उभा राही. मग ते तो काढून घेत. एकदा मी जरा धीर करून म्हटलं, "भाऊ, छातीत थोडा सैल ठेवा. मला सैल आवडतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही खुंटीच बोलली.

"तुज्या आवडीचं काय करू? दत्तूचा हाय ह्यो."

"कोण दत्तू?"

"माजा ल्योक." ते काड्यांकडे बघत बोलत होते. "नवलाख उंबरे गावात मामाकडं असतो. आय गेली तवा दोन वर्साचा हुता, मामानं न्हेला. मोटा झाल्यावर आला न्हाई. बाप बायकी काम करतो म्हनून पोरं चिडवायची त्याला. जत्रंला येतो. मी लांबनं बघतो, किती वाडलाय ते. औंदा वाडायचा थांबला. पाट डिट्टो तुज्यावानी."

मी कधी न पाहिलेल्या त्या दत्तूचा मला जो राग आला, तो बाकावरच्या मुलाचाही कधी आला नव्हता. दोन वर्षांचा होता तेव्हापासून दरसाल एक स्वेटर, आणि याला ठाऊकही नाही! मी म्हटलं, "तो घालेल का पण?"

नुकत्याच घातलेल्या ओळी भाऊंनी उसवल्या आणि पुन्हा घातल्या. मी त्यानंतर शेताच्या वाटेने स्टेशनला जाऊ लागलो. लांब पडे, पण फाटक लागत नसे.

परीक्षेसाठी मी पुण्यात खोली घेऊन राहिलो होतो. वैशाखात आई भेटायला आली. नवलाख उंबरे तिचं माहेर. तिथल्या एका लग्नाहून ती परस्पर आली होती. पंख्याखाली बसून पदराने वारा घेत म्हणाली, "दत्तूचं लगीन झालं. म्हादूभाऊ आलतं."

"मग?"

"मग काय! एवड्या उनात लोकरीचा सुटर घिऊन. लोकं लय हसली. मामा म्हनला, दाजी, ठिवा तिकडं, मागनं बघू. भाऊ हातात धरून तसंच हुभं."

"आणि दत्तू?"

"त्यानं घेतला. आन् घालायच्या आदी उलटा केला. म्हनला, आतून बघाया नगं व्हय? मंग घातला. येक बोट आडकलं न्हाई. जेवनं हुईपत्तुर काडला न्हाई, घामानं निथळत हुता नवरदेव. नवरी पदरानं वारा घालीत हुती."

"भाऊ काय म्हणाले?"

"काय म्हंत्यात? पंगतीत मीठ वाडीत फिरत हुतं. येकाच पानावर चारदा वाडलं."

मी पुस्तक मिटलं. खोलीत उकडत होतं. मला चांगलं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण विचारलं मात्र भलतंच.

"छातीत बसला का त्याला?"

"मापाचा!" आई म्हणाली. "जनू त्येच्याच अंगावर इनला हुता."