पाण्याच्या ग्रुपवरची धून

सुट्टीच्या दिवशी सकाळी पांघरुणातून बाहेर न येताच तिनं फोनमध्ये एक धून गुणगुणली आणि थोरल्या बहिणीला पाठवायची ती चुकून इमारतीच्या पाण्याच्या तक्रारींच्या ग्रुपवर पाठवली. झोप पुरती उडालेली नव्हती. ‘हे पुढे कसं जातं गं?’ असं मागोमाग लिहायचं होतं, तेही राहून गेलं आणि ती अंघोळीला शिरली.

धून होती एका क्लॅरिनेटवाल्याची. लहानपणी दोघी बहिणी रेडिओला कान लावून ती ऐकायच्या. वादक केव्हाच गेला, रेडिओ मोडीत निघाला. पण चष्म्याच्या दुकानात काचा पुसता पुसता ती सुरावट अजून तिच्या मनात धुक्यासारखी तरंगत यायची आणि नेमकी अर्ध्यावर विरून जायची. या इमारतीत येऊन बरेच दिवस झाले होते, पण लिफ्टमध्ये मान हलवण्यापलीकडे तिची कोणाशी ओळख नव्हती.

डोक्याला साबण लावला आणि पाणी गेलं. पाठोपाठ बेल वाजली.

घाईघाईनं गाऊन चढवून, डोक्याला टॉवेल गुंडाळून तिनं दार उघडलं. दारात इमारतीचे सेक्रेटरी, हातोडा घेतलेला प्लंबर आणि खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या.

“तुमच्या तक्रारीची ताबडतोब दखल घेतली आहे,” सेक्रेटरी म्हणाले. “सगळ्या इमारतीचं पाणी बंद केलंय.”

“माझी तक्रार?”

सेक्रेटरींनी फोन पुढे धरला. त्यातून नाकातल्या नाकात, अर्धवट झोपेतलं “घूंऽऽ ऊंऽऽ” ऐकू आलं. तिचे कान तापले.

“पाईपात हवा अडकली,” प्लंबर म्हणाला. “जुनी दिसतेय.”

“माझ्याकडेही येतो हा आवाज,” काकू म्हणाल्या. “संध्याकाळी जास्त.”

खरं सांगावं तर शोभा होणार. ती पुटपुटली, “हो, येतो खरा अधूनमधून.” एवढ्यावर मंडळी परत जातील असं तिला वाटलं होतं. पण प्लंबर सरळ न्हाणीघरात गेला, भिंतीला कान लावून उभा राहिला आणि मग निळ्या फरशीवर त्यानं हातोडा उगारला.

“थांबा,” ती म्हणाली. “तो पाईप नाही. मी आहे.”

हातोडा हवेतच थांबला. मग तिनं खाली मान घालून सगळं सांगितलं. क्लॅरिनेट, रेडिओ, बहीण, चुकलेला ग्रुप.

“तरी मी म्हणतेय,” काकू म्हणाल्या, “पाईप इतका सुरात कसा.” आणि तिथंच, पाठ भिंतीला टेकवून, त्यांनी धुनेचा पुढचा तुकडा गुणगुणायला सुरुवात केली. तिला न आठवणारा तो नेमका तुकडा. तिच्या अंगावर काटा आला.

“तिथं तो जरा रेंगाळतो,” सेक्रेटरी म्हणाले. गाड्या नीट लावा यापलीकडे कधी न बोललेला माणूस, पण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. “माझ्याकडे रेकॉर्ड आहे. घरात कोणाला आवडत नाही, म्हणून लावत नाही.”

घरून रेकॉर्ड आणि प्लेअर आणून त्यांनी ती तिच्या दारातच लावली. पाणी का गेलं हे विचारायला लोक रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात जमलेच होते. ते तावातावानं आले होते, पण क्लॅरिनेट सुरू होताच पायऱ्यांवर टेकले. कोणी डोळे मिटले, कोणी बादलीच्या कडेवर बोटांनी ताल धरला. चौथ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, “अरे, हा तर आपला रेडिओवरचा क्लॅरिनेटवाला,” आणि कठड्याला टेकले. प्लंबर खाली जाऊन पाणी सोडून आला आणि तोही बसला. जिन्याच्या खिडकीतून ऊन उतरत होतं. टॉवेलखाली साबण वाळत होता, पण तिला त्याचं भान नव्हतं. लिफ्टमध्ये आपण ज्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत होतो ती माणसं हीच, असं तिला वाटत राहिलं.

थोड्या वेळानं वरच्या पायरीवरून पाण्याचा एक चकचकीत ओघळ खाली आला. त्यामागून दुसरा.

“कोणाचा तरी नळ उघडा राहिलाय,” प्लंबर कुजबुजला.

“सगळ्यांचेच असतील,” सेक्रेटरींनी पाय वर घेतले. “एवढं संपू दे.”

पाणी पायरीच्या कडेवरून काकूंच्या पुढ्यातल्या कोणाच्या तरी बादलीत ठिबकायला लागलं. तो टपटप आवाज क्लॅरिनेटच्या मध्येमध्ये येत होता, म्हणून काकूंनी हलकेच बादली बाजूला सरकवली.