दीड माणसाचा कट्टा

लतीफ मिस्त्रींना कोणी नवं घर दाखवायला नेलं, की ते स्वयंपाकघर बघत नसत, बैठक बघत नसत. दारात चपला काढायचे आणि विचारायचे, "रुसायची जागा कुठंय?"

घरवाले हसायचे. मिस्त्री हसत नसत. बँकेतले एक साहेब अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे कोणी रुसत नाही." मिस्त्रींनी तिथेच टेप गुंडाळला. "मग घर कायकू बांधता साहब? लॉजवर राहा ना."

ते काम गेलं. अशी बरीच गेली.

मिस्त्री माझ्या मावशीचे शेजारी. मी कन्नडजवळच्या खेड्यातून कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आले, तेव्हा शहराचं नाव अजून औरंगाबाद होतं. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळ्याचीच भीती वाटायची, मिस्त्रींची जरा जास्त. ते लोकांची अंगणं, बैठका, परसातल्या बागा तयार करून द्यायचे. दगड स्वतः घडवायचे, चुना स्वतः मळायचे, मोगरा कुठे लावायचा ते वारा बघून ठरवायचे. आधी मोकळ्या खोलीत नुसते बसून राहायचे. मग रोग सांगायचे. "ह्या भिंतीला धाप लागलीय." "तो कोपरा कोणाशी बोलत नाही."

मावशी म्हणायची, "ह्यांना डॉक्टरच करायला पायजे हुतं."

डॉक्टर हा शब्द निघाला की मी तिथून उठून जायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सायन्सला घातलं होतं आणि पोरगी डॉक्टर होणार हे अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. निघताना मला म्हणाले होते, "शिकायचं तर सायन्स. नायतर घरी ये. कापूस येचायला हात कमीच हायेत." आणि मी दोन महिन्यांतच, त्यांना न विचारता, अर्ज देऊन आर्ट्सला गेले होते. मला इतिहास आवडायचा. शिवाय बेडूक कापायच्या तासाला मी दाराबाहेरच उभी राहायचे. मावशीला हे माहीत होतं. अण्णांना नव्हतं. दारावर थाप पडली की मला वाटायचं, आले.

दिवाळीआधी मावशीने परस नीट करायला मिस्त्रींना बोलावलं. तिला हवा होता फक्त धुण्याचा दगड आणि तुळशीला जागा. मिस्त्री दोन दिवस पालथ्या बादलीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"खाट दाराकडं तोंड करून का टाकली पोरी? कोण येणारंय? पोलीस?"

"अण्णा," मी म्हणाले. माझ्या तोंडून निसटलंच. मग सगळं सांगावं लागलं.

मला वाटलं, ते काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली. "अंगानं कसेत?"

"कोण?"

"अण्णा."

"बारीक."

"राग आल्यावर बसतेत का चालतेत?"

"चालतात. मागे मामाशी भांडले तर गावापासून कन्नडपर्यंत चालत गेले."

"हौ. मग कट्टा वाटेतच पायजे," असं म्हणून ते परसात गेले.

आठ दिवसांत कट्टा झाला. मागच्या दारातून बाहेर पडून बोळाकडे निघालं, की तो आडवाच यायचा. काळा दगड, पण इतका गुळगुळीत की हात फिरवावासा वाटे. पाठीला कमरेएवढी भिंत, भिंतीवर जाईचा वेल. तिथे बसलं की फोडणीचा वास यायचा, पण स्वयंपाकघरातून बसलेल्याचं तोंड दिसायचं नाही. हे त्यांनी मावशीला पाच वेळा चुलीपाशी उभं करून तपासलं होतं. रुंदी मात्र विचित्र होती. एकाला जास्त, दोघांना कमी.

"माप चुकलं मिस्त्री!" मावशी ओरडली.

"नाही चुकलं भाभी. दीड माणसाचा हाय. रुसणारा पूरा बसंल, मनवायला येणारा अर्धा. त्याला चिकटूनच बसावं लागतंय. ऐसपैस दिला तर दोघं दोन टोकांना बसून भांडतेत." मग माझ्याकडे वळून बोट उगारलं. "रुसलेल्याला हाक मारायची नक्को. पाणी घेऊन जायचं."

असाच एक कट्टा त्यांच्या स्वतःच्या दारातही होता. मिस्त्री एकटेच राहायचे, तरी रोज संध्याकाळी ते त्या कट्ट्याच्या अगदी कडेला, निम्मं अंग बाहेर, असे टेकायचे. गल्लीतली पोरं म्हणायची, चाचा पालीला भितात.

अण्णा आले ते न कळवताच. पिशवीत माझ्यासाठी शेंगा होत्या. पाणीसुद्धा प्यायले नाहीत, आधी विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, बेडूक कापला का?"

मी सांगून टाकलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. अण्णा उठले. पुढच्या ओट्यावर मावशीच्या शेजारणी बसल्या होत्या, म्हणून मागच्या दाराने निघाले, अनवाणीच. चपला पुढच्या दारात राहिल्या होत्या. मी मोरीपाशी उभी राहून पावलं ऐकत होते. चार, पाच, सहा. मग आवाज थांबला.

मी बाहेर डोकावले नाही. मावशीने भाजीला फोडणी दिली. बराच वेळ गेला. मग मी तांब्या भरला.

अण्णा कट्ट्यावर पाठ करून बसले होते. मी उरलेल्या अर्ध्या जागेत टेकले. माझा खांदा त्यांच्या खांद्याला लागला. लहानपणानंतर पहिल्यांदाच लागला असेल.

"लई अडचण हाय हितं," अण्णा म्हणाले. पण सरकले नाहीत. सरकायला जागाच नव्हती.

"मला भीती वाटते अण्णा. बेडकाची नाही एवढी. तुमची."

अण्णांनी तांब्या उचलला. घटाघटा पाणी प्यायले. "बेडकाचं मलाबी भ्याव वाटतं," ते म्हणाले. आणि तांब्या खाली ठेवून, "गावात काय सांगू म्या?"

"खरं सांगा."

"ते माझ्याच्यानं व्हायचं नाय. दिवाळीला चार दिस येशील, तवा तूच सांग. मग ये माघारी कॉलेजला."

कट्टा कोणी बांधला हे मावशीकडून कळलं, तसे संध्याकाळी अण्णा मिस्त्रींना भेटायला निघाले. मीही मागे गेले. मिस्त्री नेहमीसारखे कट्ट्याच्या कडेला टेकले होते. अण्णा मोकळ्या जागेवर बसायला वाकले, तसे मिस्त्री पटकन म्हणाले, "तिथं नक्को भाऊ."

"का वं?"

"ती जागा आमच्या मोठ्या भावाची." ते वेलाची वाळकी पानं खुडू लागले. "दोघं भाऊ, एक खोली. भिंतीच्या रंगावरनं बोलाबोली झाली. घरात रुसायला जागा नव्हती. म्हणून तो सिल्लोडला जाऊन रुसला. अजून तिथंच हाय."

"मग जावं की मनवायला. सिल्लोड काय लांब हाय?"

"कितीदा निघालो. स्टँडवरनं परत येतो. त्याच्या दारात कट्टा नाही. बसू कुठं?"

मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. अण्णा ती जागा मोकळीच ठेवून खाली जमिनीवर, मातीतच बसले.

"मी उद्या सिल्लोडवरनंच जातो कन्नडला," ते म्हणाले. "चला संगं."

"तुम्हाला फेरा पडंल."

"पडू द्या."

सकाळी मी दोघांना सोडायला स्टँडवर गेले. मिस्त्रींच्या हातात सामान काही नव्हतं, फक्त पाण्याने भरलेला तांब्या, फडकं बांधलेला. कंडक्टर म्हणाला, "चाचा, सिल्लोडला पाणी भेटत नाही का?"

"मनवायला घरचं पाणी लागतंय," मिस्त्री म्हणाले. तांब्यावरचं फडकं ओलं झालं होतं.

गाडी निघाली तेव्हा मी खालून तिच्या खिडकीतून आत बघितलं. अण्णा पुढच्या सीटवर होते. त्यांच्या मागची अख्खी सीट रिकामी होती, आणि मिस्त्री तांब्या मांडीवर धरून तिच्या अगदी कडेला, निम्मं अंग बाहेर, असे बसले होते.