जॉन्सन, डेम्प्सी आणि व्याहीभेट

करुणाला बघायला सिल्लोडचे पाहुणे येणार, तेव्हा सत्यभामाबाईंनी नवऱ्याला एकच शपथ घातली. पाहुणे घरात असेपर्यंत बॉक्सिंगचं नाव काढायचं नाही. रामकिसन वाळूजच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, पण त्यांचं बॉक्सिंगचं खूळ काही निवृत्त झालं नव्हतं. पुतण्याच्या बारशात डावा ठोसा कसा मारावा हे दाखवताना त्यांनी आइस्क्रीमचा अख्खा डबा आडवा केला होता.

"तुमच्यापाशी बोलायला दुसरं काय नाय का?"

रामकिसननी बराच विचार केला. "नळाचं बोलतो. पाणी कधी येतं, किती येतं."

"व्हय. त्येच बोला."

सत्यभामाबाईंची धास्ती उगाच नव्हती. करुणा आणि अभय एकाच बँकेत कामाला. दोघांचं मनातून कधीच जमलेलं, उरली होती मोठ्यांची मर्जी. आणि अभयच्या आई सुलेखाबाई अशा, की पोहे गार होते म्हणून त्यांनी एक सोयरीक मोडली होती!

पाहुणे आले. पोहे कढईतून थेट बशीत गेले. रामकिसननी नळाचं पाणी, टँकरचं पाणी, बोअरचं पाणी असं सगळं पाणी बोलून संपवलं. अभयचे वडील काकासाहेब, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, मघापासून त्यांच्या नाकाकडे टक लावून बसले होते.

"नाक कुठं मोडलं, पाव्हणं?"

"पडलो व्हतो," रामकिसन बायकोकडे बघत म्हणाले.

"पडल्यानं नाय असं मोडत. डाव्या हुकच्या ठोशाचं काम हाये हे."

रामकिसनना भरून आलं. इतक्या वर्षांत नाकाची कदर करणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता. ते उठले. "पाण्याची टाकी बघता का? गच्चीवर हाये."

"बघू की," म्हणत काकासाहेब चपला न घालताच निघाले.

गच्चीवर पोचताच काकासाहेबांनी आवाज खाली केला. "खाली बोलू नका. मला बी घरून शपथ हाये. बोला, तुम्ही कुणाचे?"

"जॅक जॉन्सनचा!" रामकिसननी छाती पुढे काढली. जॉन्सन म्हणजे हेवीवेटचा पहिला काळा जगज्जेता. शंभरावर वर्षांपूर्वी त्याच्या अंगाला कुणाचा हात लागत नसे, त्याने मिठीत जखडलेला गडी सुटत नसे, आणि वर तो समोरच्याकडे बघून हसायचा. ज्यांना तो हरलेला बघायचा होता त्यांच्यासमोर तो हसायचा, याचं रामकिसनना फार कौतुक होतं.

"जॉन्सन मोठा, नाय कोण म्हणतं," काकासाहेब म्हणाले. "पण त्याच्या मागून आलेला डेम्प्सी म्हंजे ब्रेक फेल झालेली गाडी. घाटातून सुटली की सुटलीच."

"मंग जॉन्सन म्हंजे घाट. गाड्या लई आल्या अन् गेल्या, घाट तिथंच हाये."

"पण दोघं भिडलेच नायत कधी. काय खरं म्हणायचं?"

"मंग आज भिडवू."

नियम ठरले. ठोसा वीतभर अलीकडे थांबवायचा, सगळं सावकाश. कपडे खराब नकोत म्हणून दोघांनी सदरे काढून टाकीवर ठेवले. काकासाहेब डेम्प्सीसारखे वाकून डुलत डुलत पुढे सरकू लागले आणि रामकिसन हसत हसत मागे. काकासाहेब झोकात वर आले ते थेट टाकीच्या नळावर. कपाळाला टेंगूळ! रामकिसननी दोरीवरचा ओला टॉवेल ओढला, एका हाताने व्याह्यांची मान धरली आणि दुसऱ्याने टॉवेल कपाळावर दाबला.

नेमकं तेवढंच शेजारच्या गच्चीवरून गोजरबाईंना दिसलं. कुरडया वाळत घालायच्या सोडून त्या कठड्यावरून ओरडल्या, "सत्यभामे, धाव गं! तुझ्या मालकानं व्याह्याला धरून हाणलं!"

खाली सुलेखाबाईंनी बशी ठेवली. "पोहे गरम व्हते म्हणून मी गप व्हते."

"आमचे हे उगं कुणावर हात टाकत नायत," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि बोलताच चुकल्याचं त्यांना कळलं.

"म्हंजे आमच्यांनीच टाकला?"

करुणा आईची बाजू घ्यायला गेली, अभय त्याच्या आईची, आणि कधी न भांडलेली ती पोरं पहिल्यांदा भांडली. सुलेखाबाई उठल्या. "चल अभय."

एवढ्यात दोघे व्याही जिन्यातून उतरले. सदऱ्यांची बटणं वरखाली, काकासाहेबांच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ.

"काय करत व्हता वर?" दोन्ही बायकांनी एकदमच विचारलं.

दोघांनी माना खाली घातल्या. खरं सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर सोयरीक.

"टाकी बघत व्हतो," रामकिसन पुटपुटले.

"सदरे काढून?"

तोवर गोजरबाई दारात हजर झाल्या होत्या. "मिटलं असंल तर दाखवा की व्याहीभेट करून. आत्ता, सगळ्यांसमोर!"

"व्हय, दाखवा," सुलेखाबाई हाताची घडी घालून म्हणाल्या. लग्नात नवरा-नवरीच्या वडिलांनी कडकडून मिठी मारायची ती व्याहीभेट आज बैठकीच्या खोलीतच होणार होती.

दोघांनी मिठी मारली. रामकिसन कानात कुजबुजले, "ही जॉन्सनची मिठी. यातनं डेम्प्सी सुटला नसता."

"सोडा, मंग दाखवतो," काकासाहेब पाय रोवत म्हणाले.

"पंचानं सोडवल्याबिगर सोडत नसतेत."

काकासाहेबांनी रेटा दिला. रामकिसननी तो परतवला. दोघेही थरथरू लागले, चेहरे लालबुंद झाले. गोजरबाईंनी डोळ्याला पदर लावला. "काय ही माया!"

"आमचे हे सख्ख्या भावाला बी असे भेटले नायत," म्हणत सुलेखाबाई विरघळल्या.

डेम्प्सी ढिला पडतोय हे रामकिसनना कळलं. आता एक रेटा, की व्याही सोफ्यावर. इतक्यात काकासाहेबांच्या खांद्यावरून त्यांना करुणा दिसली. बाप काय करतोय ते पोरीने बरोबर ओळखलं होतं. तिचा जीव अगदी टांगणीला लागला होता. रामकिसननी हात सोडले.

काकासाहेब विजयाने हसले. सुलेखाबाईंनी साखर मागवली आणि साखरपुड्याची तारीख ठरली.

पाहुणे गेल्यावर रामकिसन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "मी शपथ मोडली नाय. खाली बॉक्सिंगचं नावच काढलं नाय."

सत्यभामाबाई कप विसळत राहिल्या. "मिठीत जॉन्सनला कुणी हरवत नसतं, असं सांगून माझे कान किटवलेत. मंग आधी सोडलं कसं?"

रामकिसन चाट पडले. "पोरीकडं बघून सोडलं गं."

"कळलं मला. बरं केलंत." त्यांनी शेवटचा कप पालथा घातला. "पण लग्न लागल्यावर परत व्याहीभेट हाये. तवा काय सोयरीक मोडत नाय. तवा आधी सोडलं, तर माझ्याशी गाठ हाये."