समुद्राच्या तळाचा पंचनामा

शेषराव काका नव्या माणसाला नाव-गाव विचारत नाहीत. आधी विचारतात, "तुले शेवटचं कोनं पाह्यलं?"

मला विचारलं तेव्हा मी लोणारच्या स्टँडवर बॅग धरून उभा होतो. घाबरून म्हणालो, "कंडक्टरनं." उत्तर पटलं असावं. कारण ओळखदेख नसताना त्यांनी मला घरामागची खोली दिली. मी मालवणकडचा. शाळा सातवीत सुटली, आता सरोवराजवळच्या एका लॉजवर स्वयंपाक करतो. परक्या मुलखात असं दार कोण उघडतं? उपकारच ते.

काका पूर्वी पोलीस पाटील होते. विहिरीत, बांधावर कुणी मेलेलं सापडलं की पोलीस येईपर्यंत प्रेताशेजारी बसायचं, मग पंच गोळा करायचे. काम सुटलं, संशय सुटला नाही. दूध त्यांच्या मते आपोआप फाटत नाही, कुणीतरी फाडतं. त्यांचं मांजर वारलं तेव्हा अर्ध्या गल्लीनं जबाब दिला. रोज लॉजवर जेवतात, पण पहिला घास मला खायला लावून.

मागच्या हिवाळ्यात सरोवराचा गाळ तपासायला पुण्याच्या एक मॅडम आल्या. जेवताना सहज सांगू लागल्या, की फार फार पूर्वी पृथ्वी एकाएकी तापली. एकाएकी म्हणजे काही हजार वर्षांत. तेव्हा खोल समुद्राच्या तळाशी राहणारे, वाळूच्या कणाएवढे कवचवाले जीव मेले. कित्येक जाती कायमच्या संपल्या.

काकांनी हातातली भाकर खाली ठेवली. "पाह्यलं कोनं?"

"कुणीच नाही. समुद्रतळाच्या गाळात खालच्या थरात कवचं सापडतात, वरच्या थरात नाहीत."

"कशानं मेले?"

"पाणी तापलं, आंबट झालं, प्राणवायू घटला."

"एका मर्ताले तीन कारनं! म्या असं लिहून नेलं असतं तं ठानेदारानं कागद तोंडावर फेकला असता. अन् वरच्या पान्यातले?"

"तरंगणारे बरेचसे वाचले."

"हे पाहा!" काका माझ्याकडे वळले. "वरचे वाचले, तळचे मेले. इथंच पानी मुरते. तू समुद्राकाठचा ना बे? तुमच्याकडे काहीच बोभाटा झाला नाही?"

"काका, तेव्हा माणूसच नव्हता."

"म्हंजे साक्षीदार नाही. मोठं सोयीचं हाये."

मॅडम हसत हसत पुण्याला गेल्या. मी अडकलो. दुसऱ्या दिवसापासून काकांनी धोशा लावला, "तुह्या घरचा नंबर दे." मी कणीक मळत असलो तरी तेच. वर रोज सकाळी माझ्या दाराला कान लावून उभे राहायचे. मी खोकलो की निघून जायचे. माझ्यावर केस तयार होते आहे, अशी माझी खात्रीच पटली. आई एकटी असते, जिवाला लगेच लावून घेते. पोलीस पाटलाचा फोन गेला तर तिचं काय होईल? आणि खोली गेली तर दुसरी कोण देणार?

एका सकाळी ते दारातच खुर्ची टाकून बसले. "नंबर दे, नाही तं खोली सोड."

दिला. त्यांनी माझ्यासमोरच लावला.

"बाई, लोणारहून शेषराव पाटील बोलून राह्यलो. घाबरू नका. तुमचं पोरगं माह्या घरी हाये. जेवते, झोपते, कामावर जाते. काई लागलं तं या नंबरवर फोन करजा."

आई रडली की हसली, कळलं नाही. "देव तुमचा बरा करो," एवढंच ऐकू आलं.

मी म्हणालो, "काका, मला वाटलं तुमचा माझ्यावर संशय आहे."

"संशय कायचा बे? लय मेलेले पाह्यले म्या. पोलीस इचारत, ओळखते का कोनी? एवढी गर्दी, पन कोनी हो म्हनत नसे. ते तळाचे जीव बी तसेच गेले. कोनाले पत्ता नाही."

मग बराच वेळ ते मोबाईलची काच धोतरानं पुसत बसले.

"माही पोरगी सुरतेले दिली हाये. तिचा नंबर तू बी घेऊन ठेव."

मी घेतला.

"एखांद्या सकाळी म्या दार नाही उघडलं तं ढकलजो. ती येईस्तोवर कोनी इचारलं, तं हो म्हनजो."

"काय हो म्हणू?"

"ओळखतो म्हनून."