फिजी ते सामोआ, व्हाया आरमोरी

"अंतर मले इचारा! मोबाइल राहू द्या खिशात!" असं मुखरूभाऊंनी म्हटलं की आरमोरीत वाद संपायचा. एसटीत कंडक्टरकी करून रिटायर झालेला माणूस. जगातली सगळी अक्कल त्यांच्याकडं, बाकीच्यांकडं नुसते कान!

त्या दिवशी चार तास एसटीत बसून राजुऱ्याहून पत्रूभाऊ बायको मीराबाई आणि पोरगी खुशबूला घेऊन सोयरीक जुळवायला आले होते. मुखरूभाऊंचा पोरगा प्रणित फिजी बेटावर हॉटेलात आचारी. त्याची बदली झाली सामोआ बेटावर, आणि सकाळीच तो विमानात बसला होता. पोचल्यावर व्हिडिओ कॉल करणार होता. पत्रूभाऊंचं म्हणणं साधं होतं, "पोराशी दोन शब्द बोललो की सुपारी फोडू. नाई तं चाललो आमी."

"आज कुठचा बोलते तो!" मुखरूभाऊंनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशाला सुतळी लावली. फिजी पार उजव्या कडेला, सामोआ पार डाव्या! सुतळीही त्यांनी समुद्र टाळत, जमिनीजमिनीनं नेली. पाण्यावरून गाडी कोण शहाणा घालतो? "दोन दिवस लागतीन! चहापाण्याचा थांबा वेगळा."

त्यांची बायको कमळाबाई हळूच म्हणाली, "अवो, प्रणित तं म्हणे, जवळच हाय..."

"तू कधी तिकीट फाडलं का?"

मग सुतळी नागपूरवरून गेलेली पाहताच भाऊ उडालेच. "पत्रूभाऊ! विमान आपल्या डोक्यावरून जाऊन राह्यलं! दुपारी इथीच पोरगा पाहून घ्या!"

झालं! अर्धं गाव धानाच्या बांधीत उभं. भाऊंच्या हातात खुणेसाठी कमळाबाईंचं लाल लुगडं. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी, परदेशी नंबर!

"फ्रॉड हाय!" भाऊंनी कापला. पुन्हा वाजला. समोरच्याचं काही न ऐकता भाऊ ओरडले, "लाज नाई वाटत काऊन बे? माहा पोट्टा विमानात हाय!" आणि फोन बंदच करून टाकला.

इतक्यात आभाळात खरंच एक विमान दिसलं. "आला, आला! हात हलवा!" सगळ्यांनी हलवले. मीराबाईंनी डोळ्याला पदर लावला, "जावई वाळला हो, किती लहान दिसून राह्यला!"

तेवढ्यात खुशबूचा मोबाइल वाजला. तिचा नंबर प्रणितकडं कसा, हे विचारायला कोणाला सवड होती? स्क्रीनवर तोच होता, एप्रन घालून! "बाबा फोन काऊन कापून राह्यले? मी कवाचा पोचलो. दोन तासांचं तं अंतर!"

पत्रूभाऊ लालबुंद झाले. "मंग वर कोण होता? तुमचा पोरगा एक हाय का दोन? चला, निघा! अशा घरात पोरगी नाई द्याची!"

मुखरूभाऊंच्या हातातलं लुगडं गळून पडलं. एवढी चांगली सोयरीक आपल्याच सुतळीनं फास लावून मारली!

खुशबूच घरात जाऊन भिंतीवरचा नकाशा उतरवून घेऊन आली. तिनं त्याची गोल गुंडाळी केली, दोन्ही कडा एकमेकींना टेकल्या. फिजी आणि सामोआ शेजारीशेजारी! "बाबा, जग गोल हाय. मामाजींनी भिंतीवर चपटं लावलं, एवढंच!"

पत्रूभाऊ पोट धरून हसत सुटले. स्क्रीनवरून प्रणित घाबरत म्हणाला, "काका, मी एकच हाव." दोन शब्द झाले, सुपारी फुटली.

आता तरी भाऊंनी गप्प बसावं ना! नकाशा पुन्हा भिंतीवर गेला, सुतळी बाहेर आली. "वरातीचं मोजू!" आरमोरी, राजुरा, सगळं नागपूरच्या एकाच ठिपक्याखाली.

"घ्या! इथल्या इथीच तं हाय राजुरा!" भाऊ खूश झाले. "पत्रूभाऊ, बस कायले करता? वरात पायीच आणतो!"